देवाला सांगायचं तरी काय

आमच्या गावात कुणी लांबच्या प्रवासाला निघालं की देवळात गाऱ्हाणं होतं. एका जाणत्याने देवाला मोठ्या आवाजात सगळं सांगायचं आणि जमलेल्यांनी वाक्यावाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. मुंबईला गेलेल्यांची, आखातात गेलेल्यांची, सगळ्यांची गाऱ्हाणी बाबांनीच घातली आहेत. त्यांचा नियम एकच, देवाला मोघम सांगायचं नाही. ठिकाण, काम, साहेबाचा स्वभाव, सगळं. देवालाच पत्ता नीट कळला नाही तर तो राखण कुठे करणार?

त्यामुळे मी समुद्राचा तळ अभ्यासणाऱ्या जहाजावर काही आठवडे जाणार हे ठरलं, तेव्हा पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेत झाले नाहीत इतके प्रश्न बाबांनी विचारले. आई मात्र काहीच विचारत नव्हती. जहाजाचं नाव काढल्यापासून ती माझ्याशी बोलायचीच थांबली होती. ताटात भात वाढायची, वर आणखी वाढायची, पण तोंडातून शब्द नाही. तिचं ओरडणं मी जन्मभर पचवलं आहे, हे गप्प बसणं मला पचेना. तिच्या तोंडून एक ‘जा’ हवा होता, बस्स. तो न मिळता निघाले असते तर सगळा प्रवास मी रडत केला असता.

गाऱ्हाण्याच्या आदल्या संध्याकाळी आई तांदळाची घावनं घालत होती आणि मी बाबांना शिकवत होते.

“पृथ्वीच्या पोटात खोल एक निखारा आहे, बाबा. तो जागचा फारसा हलत नाही, वरची जमीन सरकते. आपली जमीन त्याच्यावर होती तेव्हा सह्याद्रीचा काळा दगड झाला. तोच कुजून आपल्या सड्यावरचा तांबडा जांभा दगड.”

“बरा. फुडं?”

“समुद्राच्या मधोमध तळाला एक लांबच लांब उसवण आहे. तिच्यातून लाव्हा येतच असतो. ती उसवण सरकत सरकत निखाऱ्यावर आली, की दोन्हीकडचा माल एका जागी. मग तिथला तळ जाड होतो आणि पाण्याखाली पठार उभं राहतं. पुढे ते पठार उसवणीवरच दुभंगलं. अर्धं मालदीवच्या खालच्या अंगाला राहिलं, अर्धं गेलं मॉरिशसकडे.”

बाबांचा चेहरा उजळला. “म्हंजे भावकीत वाटनी झाली! सरळ सांग ना. आनि मधली जागा कुनाच्या नावावर?”

“कुणाच्याच नाही. तिथे नवा तळ तयार होतोय.”

“मग भांडान व्हनार,” बाबा समाधानाने म्हणाले.

इतक्यात माझ्या ताटात एक घावन पडलं. आईच्या हातचं घावन म्हणजे जाळीदार आणि पातळ. हे मात्र मधोमध टम्म जाड होतं. तिने एकाच जागी दोनदा पीठ ओतलं होतं. मी मान वर केली तर ती तव्याकडे बघत होती. म्हणजे सगळं ऐकत होती तर! मी ते कच्चट घावन निमूट खाल्लं. शास्त्रासाठी माणूस काय काय सोसतो.

सकाळी देवळात वाडी जमली. पुरुष पुढे, बायका खांबांच्या मागे. गाऱ्हाण्यात बायका बोलत नाहीत, पिढ्यानपिढ्या नाही. बाबांनी नारळ ठेवला आणि सुरुवात केली.

“बा देवा म्हाराजा! ही तुझी लेक समुद्रात जातेय. ता ठिकान तुझ्या शिवेबाहेर हाय, तरी तितल्या देवाला तू सांगून ठेव!”

“व्हय म्हाराजा!”

“तितं जमिनीच्या पोटात निखारा हाय. तो तू इजवून टाक म्हाराजा!”

“व्हय म्हा—”

“बाबा!” मी कळवळून पुटपुटले. “विझवू नका! त्याच्यावरच माझं पोट आहे.”

देवापुढे बोललेला शब्द मागे घेता येत नाही. बाबा क्षणभर अडले, पण मुरलेले गडी. “इजवू नको म्हाराजा! ही परत येईपर्यंत जरा मंद ठेव!”

“व्हय म्हाराजा!” या वेळी वाडी हसत हसतच ओरडली.

“आनि म्हाराजा, ही...” बाबा थांबले. शेवटी ‘सुखरूप घरी आण’ म्हणायचं असतं. आखाताला निघालेल्या कितीतरी पोरांसाठी ते त्यांनी ठणठणीत म्हटलं होतं. आज त्यांनी खाकरून पाहिलं, पुन्हा ‘ही’ म्हणाले आणि नारळ उगाच सरळ करू लागले.

मग खांबामागून आईचा आवाज आला. “म्हाराजा, पोर जाऊ दे. तिला जायाचाच हाय. पन माझी मला परत आनून दे.”

बाईच्या गाऱ्हाण्याला काय म्हणायचं, कुणालाच ठाऊक नव्हतं. पुरुष एकमेकांकडे बघत राहिले.

बाबांनी डोळे पुसले, हात जोडले आणि एकट्यानेच म्हणाले, “व्हय म्हाराजा.”