सहा की आठ

भाऊजींच्या फोटो स्टुडिओत कॉम्प्युटरच्या माउसला हात लावायची परवानगी माझ्या ताईलाही नव्हती, म्हणजे सख्ख्या बायकोला. चेहऱ्यावरचा डाग असो की कॉलरची सुरकुती, भाऊजी स्वतःच निरखणार, स्वतःच काढणार. "माझ्या नजरेतून काही सुटत नाही," हे ऐकून ऐकून आमचे कान किटले होते.

म्हणून त्यांचा "जरा येऊन जातेस का?" असा फोन आला तेव्हा मला धस्स झालं. मला प्रिंट काढता येतो एवढंच, पण वासरांत लंगडी गाय शहाणी.

झालं होतं असं. कॉम्प्युटरची डिस्क गेली, दुरुस्तीवाल्याने नवी घालून सगळं पुन्हा भरून दिलं, आणि तेव्हापासून पडद्यावरची माणसं आडवी फुगलेली दिसायला लागली. भाऊजींनी गिऱ्हाइकांचे चेहरे दाबून निमुळते केले आणि छापले. शिवणकाम करणाऱ्या बाई पासपोर्टचे फोटो परत घेऊन आल्या. "अहो, यात मी महिनाभर उपाशी दिसतेय!"

"डोळे गेले असतील तर शटर ओढायचं," भाऊजी मला म्हणाले. आवाज इतका बारीक होता की मला थट्टा सुचेना.

मी पडद्याकडे पाहिलं. मलाही सगळे फुगलेलेच दिसले. "भाऊजी, डोळे नाहीत, हा कॉम्प्युटरच बिघडलाय!" ताई मटकन खुर्चीत बसली. कितीतरी दिवसांनी ती हसली.

दुरुस्तीवाला फोनवर म्हणाला, "ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर राहिलाय. चित्र कसं दाखवायचं ते कार्डाला सांगणारा प्रोग्राम असतो तो. कार्डाच्या नंबराचा उतरवून घ्या." सांगायला काय जातंय! साइट उघडली तर प्रश्नांची सरबत्तीच. कुठली मालिका, कुठला नंबर, किती बिट? बिट म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं, पण मेहुण्यासमोर कबूल कोण करणार? पहिला ड्रायव्हर मी लॅपटॉपचा उतरवला. अर्ध्या तासाने पडद्यावर पाटी आली, "योग्य उपकरण सापडले नाही."

"समोर बसलंय की!" भाऊजी पडद्यावर खेकसले.

मग कॉम्प्युटरचा डबा उघडला. धुळीने तिघंही शिंकलो. कार्डावर एक चिकटपट्टी होती, तिच्यावर बारीक आकडे.

"शेवटी आठ," भाऊजींनी निकाल दिला.

"मला सहा वाटतोय."

"तू मला बघायला शिकवणार?"

आठचा ड्रायव्हर डेस्कटॉपसाठी उतरवला. पुन्हा तीच पाटी. पुन्हा उतरवला, पुन्हा तीच. माझं डोकं पार भंजाळलं. आता तो आकडा मला सहाही वाटेना आणि आठही. "साइटच खोटारडी आहे," म्हणत भाऊजी हात धुवायला गेले. मी टॉर्च लावून चिकटपट्टी पुन्हा वाचली, बोटाने धूळ पुसून. सहाच. गुपचूप सहाचा टाकला.

पडदा काळा झाला. आता कॉम्प्युटरच मेला, खापर माझ्यावर! तेवढ्यात पडदा उजळला आणि सगळं नीट, रेखीव, जिथल्या तिथे. ताईचा दारात उभं राहून काढलेला फोटो होता समोर. "बघा, मी जाडी नव्हतेच!" ताई ओरडली.

भाऊजी हात पुसत आले आणि बसले. बराच वेळ फोटो बघत राहिले. मग टेबलावरची स्टीलची पट्टी उचलून त्यांनी पडद्यावर दाराच्या चौकटीला लावली.

"ही चौकट मधे वाकलीये का गं?"

मी आणि ताईने एकमेकींकडे पाहिलं. चौकट पट्टीला चिकटून सरळ होती. मला खोटं बोलायचं होतं, जमलं नाही.

"सरळ आहे, भाऊजी. आणि तो आकडा सहाच होता."

त्यांनी मान हलवली. "पट्टीही वाकडीच दिसतेय मला," ते म्हणाले. मग माउस माझ्याकडे सरकवला आणि खिशातून एक चुरगळलेलं कार्ड काढलं. डोळ्यांच्या डॉक्टरचं होतं. कधीपासून खिशात होतं कोण जाणे.

"फोन लाव," भाऊजी म्हणाले. "नंबर तूच वाच."