न पिणाऱ्याचं लिव्हर

"काय समजत नाय यार," असं म्हणत दादा बरगडीखाली तळहात ठेवायचे आणि दार वाजवावं तसं दोनदा वाजवायचे. आनंदनगरच्या कारखान्यात आम्ही शेजारी शेजारी वेल्डिंग करायचो. सगळे त्यांना दादा म्हणायचे.

त्याआधी काही वर्षं ते आफ्रिकेत, एका साखर कारखान्यात होते. तिथल्या तळ्याबद्दल सांगताना चेहरा खुलायचा. "ड्युटी सुटली की सरळ पाण्यात! इतकं निवळ, तळाचे गोटे दिसायचे."

मग त्यांचं पोट फुगू लागलं. सोनोग्राफी पाहून डॉक्टरांनी हळूच विचारलं, "रोज किती घेता?" आता हा माणूस वरातीतसुद्धा लिंबू सरबत पिणारा. पण लिव्हर खराब म्हटल्यावर कोण ऐकतो? कुळगावच्या घरी पोचले की वहिनी त्यांचं तोंड हुंगायच्या. दादा बिचारे दारातच आ करून उभे राहायचे. दादा हे सांगायचे तेव्हा आम्ही हसायचो. तेही हसायचे, पण जरा उशिरा.

एक दिवस कामावरच रक्ताची उलटी झाली. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी भलताच प्रश्न केला, "तिकडे आंघोळ कुठे करायचात?" तपासणीत किड्यांची अंडी सापडली. तळ्यातले किडे कातडीतून शिरून इतकी वर्षं रक्तात राहत होते.

बाई समजावू लागल्या. "हे किडे आपल्याच रक्तातले अंश अंगावर चढवतात. म्हणून शरीर त्यांना ओळखत नाही. अंडी मात्र ओळखतं. ती लिव्हरमध्ये अडकली, की त्यांच्याभोवती भिंती बांधतं. त्या भिंतींनीच लिव्हर कडक होतं, रक्त तुंबतं, अन्ननलिकेतल्या शिरा फुगून फुटतात. म्हणून ती उलटी."

"म्हणजे किडा मजेत, आणि माझेच शिपाई माझं घर बिघडवतात?"

"तसंच काहीसं."

वहिनींना रडू फुटलं. "मी रोज तोंड हुंगलं हो यांचं."

गोळ्यांनी किडे मेले. भिंती राहिल्या. "किडे मेले, मग मी बरा का होत नाय?" दादा मला विचारायचे. मी चहा पुढे करायचो.

पुन्हा तशीच रक्ताची उलटी झाली, त्यात ते गेले.

जलदान विधीला एक नातेवाईक वहिनींजवळ कुजबुजले, "लिव्हर ना? फार घ्यायचे का?"

"एक थेंब नाही!" वहिनी मोठ्यांदा म्हणाल्या. "रक्तात किडे होते. पण किड्यांनी नाही मारलं... म्हणजे शरीरानंच... पण ते तर वाचवायलाच..."

त्या अडल्या आणि माझ्याकडे बघू लागल्या. मग सगळेच बघू लागले. मी बोलायला तोंड उघडलं, आणि नक्की कुणी मारलं ते मलाही सांगता येईना.