धाकट्याच्या डोळ्यातली काच

आमच्या भावकीत आजही सांगतात की माझ्या धाकट्या भावाचा उजवा डोळा जर्मन काचेनं खाल्ला. साफ खोटं आहे. तो मी घालवला. कुणाला पटो न पटो, मी लिहून ठेवणार.

आमच्या संस्थानचे नवे महाराज गादीवर येऊन काही वर्षं झाली होती. सराफांच्या पेठेत, गुजरीत, आमचं सोनाराचं दुकान. गळ्यात घालायच्या साजाची नक्षीदार पानं घडवावीत ती धाकट्यानंच. पण विशी उलटली आणि त्याची दोन्ही बुबुळं शंकूसारखी पुढं यायला लागली, चष्म्यानंही भागेना. मुंबईच्या एका डॉक्टरानं जर्मनीहून काचेची पातळ वाटी मागवली, उजव्या डोळ्यावर पापणीखाली बसवायची. पहिल्या दिवशी ती घालून धाकटा भिंतीवरच्या पालीची बोटं मोजत बसला होता.

मी थोरला, म्हणून डॉक्टरानं मला बजावलं, "तासाभरानं काढायचीच. बुबुळाच्या पडद्यात रक्त नसतं, तो उघड्या हवेवर जगतो. झाकून ठेवलात तर गुदमरेल."

मी हो म्हणालो.

मग नेसरी गावच्या एका घरच्या साजाचं काम आलं. लग्न आठ दिवसांवर. धाकटा सकाळी काच घालून बसे. तासाभरानं म्हणे, "दादा, धुकं आलं. दिव्याभोवती रंगाची कडी दिसाय लागली."

खडा धुरकट दिसला की सोनार तो धुतो. मी काच रिठ्याच्या पाण्यात मऊ कुंचल्यानं धुतली, चांगल्या पाण्यातून काढली आणि लगेच त्याला परत घालायला लावली. काच लख्ख, धुकं तसंच. पुन्हा धुतली. धुकं काचेवर नव्हतंच, हवेविना सुजलेल्या पडद्यात होतं. काच काढून ठेवली की ते आपोआप निवळतं, हे पहिल्या दिवसांत मी स्वतः पाहिलं होतं. तरी धूत राहिलो, कारण मला साज वेळेवर हवा होता.

साज वेळेवर गेला. डोळा लालभडक झाला, बुबुळावर जखम झाली. ती भरली, पण पांढरं फूल ठेवून. त्या डोळ्याला आता उजेड तेवढा कळतो.

डॉक्टरानं डाव्या डोळ्यासाठी दुसरी वाटी देऊ केली तेव्हा घरी चार माणसं जमली. चुलते म्हणाले, "देवानं दिलेल्या डोळ्यात काच घालता व्हय रं? एक खाल्ला, आता दुसराबी द्यायचा हाय?"

चुलत्यांपुढं आवाज चढवायची आमच्यात रीत नाही. मी चढवला. "काचंला नावं ठेवू नका, काका. तासाचे सहा तास मी केले. शिव्या द्यायच्या तर मला द्या. डाव्या डोळ्याला वाटी बसणार म्हंजे बसणार!"

धाकटा हसला. "आरं दादा, डोळा माझा आन् वरडतोस तू? बसवू की. पर काढायची कवा, ते मी बघीन. तू काचंला हात लावायचा न्हाईस."

"न्हाई लावत."

वाटी आली. तो तासभर काम करतो, काच काढतो आणि ओट्यावर जाऊन बसतो, धुकं पार निवळेपर्यंत. गिऱ्हाईक खोळंबतं, तक्रार करतं. मी सांगतो, "पावणं, त्याच्या डोळ्याला हवा लागू द्या. घाई आसंल तर शेजारच्या दुकानात जावा."

बरेच जण जातात. जाऊ देत.