मोठाईची वाटणी

मोठाई डोळे मिटून बोलायची. समोर पाटील असो की वाटसरू, ती क्षणभर आत कुठंतरी जाई आणि तिथून शब्द वेचून आणी. ती माझी थोरली काकू. काका लवकर गेले. अकोल्याजवळचं आमचं काळं रान तिनंच राखलं.

त्या वर्षांत समुद्रापलीकडे कुठं लढाई पेटली होती म्हणे, आणि आमच्या कापसाला सोन्याचे दिवस आले होते. अमरावतीकडे निघालेल्या बैलबंड्यांची रांग धुळीत विरघळून जाई. वाटेवरच्या बाभळींना कापूस अडकून राही. झाडंच उमलल्यासारखी दिसत. लोकांनी बैलांच्या गळ्यात चांदीच्या घंटा बांधल्या. मोठाई म्हणे, "घंटीनं बैलाचं पोट नाही भरत, बाप्पा."

एकदा तिच्या मुलानं, किसनदादानं, वजन वाढावं म्हणून बंडीतल्या कापसावर पाणी शिंपडलं. मोठाईनं कापसात हात घातला. गड्यांसमोर अवाक्षर काढलं नाही. गडी गेल्यावर बंडी अंगणात रिकामी करवली आणि उन्हात बसून कापूस हातानं उलटत राहिली.

"सारेच करून राहिले," दादा पुटपुटला.

"सारे माहे लेकरं नाहीत."

पुढच्या हंगामात ती अंथरुणाला खिळली. एका दुपारी तिनं बाज वावराच्या बांधावर न्यायला लावली. चहूकडे पांढरं रान डोलत होतं. "वावर तुमी मागून वाटसान," ती म्हणाली, "माहं बाकीचं आताच देतो."

सुनेला, सखूवहिनीला म्हणाली, "दारी आलेल्याले आधी पाणी दे, मंग गाव विचार." मला म्हणाली, "कोणी चुकलं तं चारचौघात बोलू नको." आणि दादाला, "ज्वारीचं वावर मोडू नको, लेका."

त्या वावरातही कापूस लावायचा हट्ट दादानं धरला होता. तो खाली मान घालून बसला. वेचणी संपायच्या आत मोठाई गेली.

पेरणीला दादा सरकी घेऊनच त्या वावरात गेला. दुपारपर्यंत नुसता उभा होता. मग मला म्हणाला, "घरून ज्वारीचं बियाणं आण."

लढाई थांबली, कापूस कोसळला. ज्यांनी सगळ्या रानात कापूसच केला होता, ते ज्वारीसाठी आमच्या दारी येऊ लागले. दादा सूप भरून उंबऱ्यावर ठेवी आणि पाठमोरा होई, घेणाऱ्याला संकोच वाटू नये म्हणून.

हे मोठाईनं सांगितलं नव्हतं. त्याचं त्यालाच सुचलं होतं.