सुलाबाईंचा तरवड

सुलाबाईंना मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते आटपाडी रस्त्याच्या कडेला. खुरप्यानं खड्डे करून त्या शेळ्यांच्या वाड्यातल्या लेंड्या पुरत होत्या.

"खत घालताय?" मी विचारलं.

"बी हाय त्यात, गुरुजी. शेळीच्या पोटातनं आलेली बाभळ लवकर उगवती. आन् वटीत हाय ह्यो तरवड, पिवळ्या फुलांचं झुडूप. ह्याला शेळी तोंड लावत न्हाई, न्हाईतर माझीच पिलावळ माझी लागवड खायची!"

शेळ्या ठेवून, मेंढरं विकून त्यांनी डाळिंब लावलं होतं. रस्ता रुंद झाला, कडेची झुडपं गेली, मधमाश्या फिरकेनात आणि डाळिंबाची फुलं फळ न धरताच गळू लागली. म्हणून ही लागवड. चार वर्षांत दोन किलोमीटर रस्ता पिवळा झाला. फुलोरी, म्हणजे लहान मधमाश्यांची पोळी फांद्यांना लटकू लागली, बागेत फळ धरलं. नवरात्रात गावच्या बायका घटाच्या माळेसाठी तिथूनच फुलं न्यायच्या.

यंदा घटस्थापनेला माझी पत्नी रिकामी परडी घेऊन परतली. "सगळं कापलंय हो," एवढंच म्हणाली.

मी धावत गेलो. दोन्ही बाजूंना करडे खुंट आणि मातीत तुडवलेली पिवळी फुलं. शेवटाला कापणीचं यंत्र घरघरत होतं. हात करून ते थांबवलं, विचारलं, कुणी सांगितलं? चालकानं खिशातला कागद पुढं केला. अक्षर माझं होतं. वळणावर एसटी दिसत नाही, शाळेची मुलं धोक्यात येतात, झुडपं काढावीत, असा अर्ज मीच महिन्यापूर्वी बांधकाम खात्याला लिहिला होता. किती अंतरापर्यंत, ते लिहिलं नव्हतं. मी तिथंच मैलाच्या दगडावर बसलो.

सुलाबाई आल्या. मी कागद त्यांच्यापुढं धरला आणि काय झालं ते सांगितलं.

"आवं गुरुजी, पोरांच्या वह्या तांबड्या करून सोडल्यासा. आन् सोताच्या अर्जात अंतर लिवायला इसरलासा?"

त्यांनी वाकून एक तुटलेली फांदी उचलली. तिच्यावर तळहाताएवढं पोळं होतं, माश्यांनी भरलेलं. तोंडाला पदरही न लावता, सावकाश चालत, त्यांनी ती बांधावरच्या हिवराच्या झाडाला बांधली.

दुसऱ्या अर्जात मी वळणाचे चाळीस मीटर लिहिले, त्यापुढं हात लावू नये असंही लिहिलं. तोवर काही खुंट फुटले होते, बरेच वाळले होते.

सुलाबाई आता रोज सकाळी, शेळ्या सोडायच्या आधी, वाळलेल्या खुंटांच्या जागी बी टोकतात.