ट्वीटरला कोणता ॲम्प्लिफायर?

एखादं यंत्र खोलून परत जोडलं की दोन-चार स्क्रू उरतातच. किश्श्यांचंही तसंच. मल्लेश्वरममधले ते रविवार संपून बरीच वर्षं झाली, पण उरलेले स्क्रू अजून खिशात खुळखुळतात.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी नागपूरहून बंगलोरला नोकरीला आलो होतो. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसात "बाय" म्हटलं की सोमवारपर्यंत तोंड उघडायचं काम नसे. एकदा एस. पी. रोडवरच्या दुकानात रेझिस्टर मोजत होतो. "सोळा, सतरा, सतरा..."

मागून आवाज आला, "अठरा रे! सतरा झाले की!"

वळून पाहिलं तर सत्तरीचे एक गृहस्थ. चार पिढ्या बंगलोरात काढलेलं मराठी घर. सगळे त्यांना अण्णा म्हणत. मला म्हणाले, "मराठीत मोजणारा माणूस फार दिवसांनी भेटला. चल, कॉफी घेऊ."

*

अण्णा मल्लेश्वरमच्या घरी स्पीकर बनवत होते. साध्या स्पीकरला एक ॲम्प्लिफायर पुरतो. यांच्या स्पीकरमध्ये आवाजाचे आधीच दोन भाग व्हायचे. जाड आवाज मोठ्या वूफरला, बारीक आवाज छोट्या ट्वीटरला, आणि दोघांना वेगवेगळे ॲम्प्लिफायर. कुणाला कुठला द्यायचा, यावर आमचे वर्षभराचे रविवार गेले. आमचे म्हणजे अण्णा, मी आणि मूर्ती. मूर्ती कन्नड, एकटा जीव, पूर्वी अण्णांच्या हाताखाली नोकरी केलेला. मराठी बोलायचा तीही अण्णांकडूनच शिकलेली.

वूफरसाठी मूर्तीनं एक अवजड ॲम्प्लिफायर बनवला. आवाज दमदार, पण तापायचा असा की हात लावायची सोय नाही! "हा नको," मी म्हटलं.

अण्णांनी त्यावर कॉफीचा पेला ठेवला. अर्ध्या तासानं घोट घेतला आणि म्हणाले, "हाच राहू दे. बायको गेल्यापासून पहिल्यांदा या घरात कुणीतरी माझी कॉफी गरम ठेवली!"

आम्ही हसलो. तेही हसले. वूफरचा प्रश्न तिथंच मिटला.

*

ट्वीटरचं मात्र अवघड. त्याच्या ॲम्प्लिफायरला बारीक 'स्स्स' आवाज असला की तो थेट कानात शिरतो. त्यामुळे गाणं न लावता, नुसता ट्वीटरला कान लावून बसायचं. अण्णांचा नियम होता, "काही बोलायचं नसतं तेव्हा तो गप्प बसतो का, ते बघ!"

मी एक ॲम्प्लिफायर खोलीवर नेला आणि दिवसभर ट्वीटरला कान लावून बसलो. घरमालकीण अक्कांनी खिडकीतून दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा वाटीत कोमट तेल घेऊन आल्या. "फार ठणकतोय का रे कान?"

मी "नाही" म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणालो, "हो, स्वल्प."

वर्षभरात कुणी डोक्यावरून हात फिरवला नव्हता हो!

*

मग तो अपघात. मूर्तीनं नवा ॲम्प्लिफायर आणला आणि घाईत ट्वीटरला थेट जोडून बटण दाबलं. थड्! ट्वीटर जळाला. अण्णांनी परदेशातून मागवलेला, एकुलता एक!

मूर्ती चपला घालून निघून गेला, तो पुढचे दोन रविवार आलाच नाही. तिसऱ्या रविवारी अण्णा कानडी वळणानं म्हणाले, "सरी, बरं, चल." यशवंतपूरला मूर्तीच्या दारात उभे राहिले. मूर्ती खाली मान घालून म्हणाला, "अण्णा, ट्वीटर..."

"ट्वीटर दुसरा मिळेल रे. रविवारी येणारं माणूस दुसरं कुठून आणू?"

मूर्तीनं सदरा चढवला. रिक्षात तिघंही गप्प होतो. पण ते गप्प बसणं चांगलं होतं.

*

शेवटी दुसरा ट्वीटर आला आणि दोन ॲम्प्लिफायर उरले. तीन महिने झाले तरी निकाल लागेना. मूर्ती पहिल्याच्या बाजूचा, मी दुसऱ्याच्या. अण्णा म्हणायचे, "मला म्हाताऱ्याला काय ऐकू येतंय!"

एका रविवारी सकाळी अण्णांच्या मुलाचा अमेरिकेहून फोन आला. तो सहा वर्षांत आला नव्हता. "बरं आहे", "जेवलास का", एवढ्यावर फोन संपायचा. त्या दिवशी अण्णा एकदम म्हणाले, "ठेवू नकोस! एक काम आहे तुझ्याकडे. ऐक आणि सांग."

त्यांनी रिसीव्हर ट्वीटरसमोर धरला. गाणं लावलं. "हा एक." मूर्तीनं तारा बदलल्या. "आणि हा दोन. पुन्हा ऐकवू?" पुन्हा एक, पुन्हा दोन. एरवी दोन मिनिटांत संपणारा फोन वीस मिनिटं चालला. अण्णा मध्येच मोठ्यानं हसले. काय बोलणं झालं, कळलं नाही.

मूर्ती माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "आपला ट्वीटर सेकंदाला साडेतीन हजार कंपनांच्या वरचा बारीक आवाजच काढतो. फोनच्या लाईनीतून त्याच्या वरचं काहीच जात नाही. त्याला तिकडे दोन्ही वेळेला सेम ऐकू येणार."

"अरे, मग सांग ना अण्णांना!"

"काय सांगू? आम्ही दोघं टेलिफोन खात्यातच होतो. हे मला त्यांनीच शिकवलं."

तेवढ्यात अण्णांनी रिसीव्हर खाली ठेवला. "दुसरा!" ते म्हणाले. "दुसरा गोड आहे म्हणाला. पुढच्या रविवारी आणखी एकदा ऐकवा म्हणाला!"

"सरी, अण्णा," मूर्ती म्हणाला आणि दोन्ही ॲम्प्लिफायर टेबलावर तसेच राहू दिले.