दामू मोकलचा दाखला

कासू स्टेशनला उतरून खाडीच्या दिशेनं चालत सुटलं की पाऊण तासानं एक गाव लागतं. त्या गावात दामू गोविंद मोकल नावाचा एक म्हातारा राहतो आणि त्याच नावाचा दुसरा म्हातारा रोह्याला, कुंडलिका नदीच्या पुलापलीकडे अष्टमी गावात राहतो. दोघं सख्खे भाऊ. गावातला दामू बासष्टीचा, काटकुळा, उजवा पाय ओढत चालणारा शेतकरी. अष्टमीतला निवृत्त सुभेदार, आजही सकाळी सहाला बूट घालून पुलावर फेरी मारणारा. आता एका आईबापानं दोन पोरांना एकच नाव कशाला ठेवलं असेल? ठेवलं नव्हतंच. थोरला दामू, धाकटा केरू. धाकट्यानं थोरल्याचं नाव नेलं, आणि गेली बेचाळीस वर्षं थोरला त्यावरून जळतो आहे.

मोकलांच्या घरात पलटणीची चाल जुनी. आजा ब्रह्मदेशात लढून आला. बाप गोविंदा पासष्टच्या लढाईत होता आणि एका कानानं बहिरा होऊन परतला. त्यामुळं पुढचा नंबर दामूचा, हे तो पाळण्यात असल्यापासूनच ठरलेलं. दामूनं दहावी काढली, बांधावरून धावायचा सराव केला, शाळा सोडल्याचा दाखला घडी घालून पत्र्याच्या पेटीत जपून ठेवला. केरूनं सातवीतच शाळेला रामराम ठोकला होता, आणि वय जेमतेम सोळा. त्याच्याकडून कुणाची काही अपेक्षाच नव्हती.

भरतीला तीन दिवस उरले असताना समुद्राला उधाण आलं आणि गावाच्या बांधाला खांड पडली. बांध फुटून खारं पाणी एकदा शेतात शिरलं की पुढं तीन-तीन वर्षं भाताचं नाव काढायला नको. अख्खं गाव पेंढा, माती, फांद्या घेऊन धावलं. दामू सगळ्यांच्या पुढं, कमरेएवढ्या चिखलात. खांड बुजली, शेतं वाचली, पण चिखलातल्या कालवाच्या शिंपेनं दामूचा उजवा तळपाय टाचेपासून बोटापर्यंत चिरला. अलिबागला भरतीसाठी निघायच्या दिवशी त्याला पाय जमिनीला टेकवेना, आणि पुढंही तो कधी नीट झालाच नाही.

गोविंदानं ओटीवर दहा-बारा येरझाऱ्या घातल्या. मग त्यानं पेटी उघडली आणि दामूचा दाखला काढून केरूच्या हातात दिला.

"दाखल्यावर फोटो नाय," तो म्हणाला. "नाव इचारलं तर दामू सांग. मोकलांचा पोर पलटणीत गेला पायजे. कोणचा गेला ते मागनं बघू."

केरू गेला, धावला, लागला. मागनं बघू म्हणणारा बाप सहा वर्षांनी वारला आणि ते बघायचं राहूनच गेलं.

सुरुवातीला दामूला वाटलं, एका दिवसाचा प्रश्न आहे. पण नाव म्हणजे काही उसनी कुदळ नव्हे, की काम झालं, चिखल धुतला, परत दिली. दामू गोविंद मोकल सैन्यात आहे, तर मग घरी आहे तो केरूच असला पाहिजे. मतदार यादीत तसं लागलं, रेशनकार्डावर तसं चढलं. खरं बोलावं तर धाकट्याच्या नोकरीवर यायचं, म्हणून बापानं सगळ्यांची तोंडं बंद केली. दामूच्या लग्नपत्रिकेवरसुद्धा चि. केरू असंच छापून आलं. नवरी वनितानं उखाण्यात केरूरावांचं नाव घेतलं, मांडवात टाळ्या पडल्या आणि नवरदेवाचं तोंड एवढंसं झालं.

"माझं नाव दामू हाय," त्यानं दुसऱ्या दिवशी तिला सांगितलं.

"मग आधी सांगाचं व्हतं," ती म्हणाली. "मी आठ दिवस उखाणा पाठ केला तो काय उगाच?"

केरू सुट्टीवर यायचा तेव्हा गावातली पोरं स्टेशनवर जायची आणि त्याची काळी ट्रंक मिरवत आणायची. ट्रंकेवर पांढऱ्या रंगात ठळक अक्षरं : दामू गोविंद मोकल. दामू ओटीवर बसून त्या ट्रंकेकडे बघत राहायचा. भाऊ पाया पडला की आशीर्वाद द्यायचा आणि मनात म्हणायचा, माझ्याच नावानं माझ्या पाया पडतोस होय रे. एकदा केरूनं त्याला पलटणीतला लोकरी स्वेटर आणला. खाडीकाठच्या त्या उकाड्यात दामूनं तो अंगात घातला आणि घामोळं उठेपर्यंत काढला नाही. वनिता म्हणाली, हे येड कधी सुटणार! सुटायचं नाव नव्हतं.

पुढं केरूला पदक मिळालं आणि जिल्ह्याच्या पेपरात चार ओळी आल्या. फोटो नव्हता, हे बरंच झालं. दामूनं ते कात्रण पाकिटात ठेवलं. पेणच्या बाजारात कुणी अनोळखी माणूस गप्पांत सापडला की तो कात्रण काढून दाखवायचा. "हा मीच." एका भांडीवाल्यानं त्याला गल्ल्याजवळ खुर्ची दिली, चहा पाजला आणि पायाकडं बघून हळहळला. तो चहा दामूला पुढं कित्येक वर्षं आठवत होता. बाहेर पडल्यावर त्याला लाजही वाटली, पण चहाइतकी नाही. आपला पाय चिरला नसता तर त्या मैदानात आपणच पहिले आलो असतो, या विचारानं त्याचा एक दिवस सुना गेला नाही. भाऊ वाईट असता तर निदान त्याच्याशी भांडता तरी आलं असतं. केरू गुणाचा होता, आणि त्याचा तर दामूला जास्तच राग यायचा.

गेल्या जानेवारीत सरपंच शिल्पा एक कागद घेऊन दामूच्या दारात आली. शिल्पा तिशीची, याच ओटीवर खेळून मोठी झालेली. तिच्या पिढीला जुनी भानगड ठाऊक नव्हती. त्यांच्या लेखी गावातला म्हातारा केरूआजोबा आणि अष्टमीतले सुभेदार दामूआजोबा.

"केरूआजोबा, शाळेच्या आवारात ग्रॅनाइटचा फलक बसवतोय," ती म्हणाली. "गावातनं पलटणीत गेले त्यांची नावं. सव्वीस जानेवारीला उद्घाटन आणि सगळ्यांचा सत्कार. तुमच्या घरातलीच तीन नावं हायत. कोरायला पेणला द्यायचीत, तेवढी बघून सही करा."

दामूनं चष्मा लावला. आज्याचं नाव बरोबर. बापाचं बरोबर. तिसरी ओळ : सुभेदार दामू गोविंद मोकल. बूट त्याचे, पदक त्याचं, सलाम त्याला, आणि आता दगडसुद्धा त्यालाच! त्यानं शिल्पाकडून पेन घेतलं, 'दामू'वर आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं, 'केरू'.

"आजोबा, केरू तर तुमचं नाव ना?"

"माझं नाय. त्याचं. पाळण्यातलं नाव तेच हाय, मला ठाव नाय तर कुणाला?"

शिल्पाला पुढं चार घरं करायची होती. घरच्या वडीलधाऱ्या माणसानं सही दिली म्हटल्यावर ती कागद घेऊन गेली. आता कुणी म्हणेल, दामूनं उशिरा का होईना पण खरं लिहिलं. खऱ्याखोट्याचं त्याला काही पडलं नव्हतं. होता तो निव्वळ जळफळाट. माझं नाव मला परत पाहिजे, एवढंच. त्या दिवशी तो दोन भाकऱ्या जास्त जेवला.

फलक आला, बसला, आणि त्यावर कापड चढायच्या आत गावानं तो वाचला. मग जे व्हायचं तेच झालं. केरू म्हणजे हा ओटीवरचा म्हातारा, एवढंच गावाला माहीत. भावाच्या जागी यानं स्वतःचं नाव घुसवलं, अशी आवई दोन तासांत बांधापर्यंत पोचली. भरत शिंप्यानं दुकानातून उठून त्याला कडक सलाम ठोकला. "काय सुभेदार, कंच्या लढाईवर व्हता?" पोरं हसली. दामूला उत्तर होतं, पण तोंड उघडलं तर भाऊ अडकला असता.

"उभ्या जन्मात एक चोरी केलीत," वनिता म्हणाली, "ती पण उलटी."

शिल्पा तर रडकुंडीला आली होती. दुसरा दगड आणायला वेळ नव्हता. "सुभेदार आजोबांना मी काय तोंड दाखवू? तुमी असं कराल असं वाटलं नव्हतं," ती म्हणाली.

सव्वीस तारखेला केरू सकाळच्या गाडीनं रोह्याहून आला. निळा कोट, छातीवर पदकं. झेंडावंदन झालं. पाहुणे म्हणून आलेल्या निवृत्त कर्नलसाहेबांनी फलकावरचं कापड ओढलं. फुलं पडली आणि टाळ्या मध्येच थांबल्या, कारण केरू फलकाच्या अगदी जवळ जाऊन तिसरी ओळ वाचत होता. त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"आजोबा, चूक झालीय," शिल्पा घाईघाईनं पुढं झाली. "आठ दिवसांत बदलून घेते."

"नको गो. काय चुकलं नाय. आयशीनं ठेवलेलं नाव हाय."

त्यानं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. जुनी भानगड ठाऊक असलेल्या चार-पाच म्हाताऱ्यांनी आपापल्या चपलांकडं बघितलं.

"बेचाळीस वर्षांत आयस आन दादा सोडून कुणी या नावानं हाक मारली नाय," केरू हळूच म्हणाला. "आयस गेली तवा साहेबांनी बोलावून सांगितलं, दामू, तुझी आई वारली. मला पयल्यांदा वाटलं, दादाची गेली. आपली नाय."

दामू त्याच्या मागंच उभा होता. त्यानं हे आजवर कधी ऐकलं नव्हतं. त्याला भावाची कणव आली, आणि तीही मनाविरुद्ध आली.

तेवढ्यात व्यासपीठावर गुरुजींनी सत्काराची यादी वाचायला घेतली. यादी जुनी, दुरुस्तीच्या आधी टाईप केलेली. "सन्मान स्वीकारतील, सुभेदार दामू गोविंद मोकल!"

केरू जागचा हलला नाही. त्यानं नुसतं वळून बघितलं. "दादा, तुझं नाव घेतायत."

"मी? येड लागलं काय तुला?"

"बेचाळीस वर्षं मी गेलो. आज तू जा."

दामू पाय ओढत निघाला. वीसच पावलं असतील. वाटेत भरत शिंपी उभा होता, त्याचं तोंड उघडंच राहिलं. कर्नलसाहेबांनी खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि पायाकडं बघून विचारलं, "हे कुठं लागलं?"

"बांधावर, साहेब. खांड पडली व्हती."

साहेबांना कुठला बांध ते कळलं नसावं, पण त्यांनी दामूचा हात दोन्ही हातांत धरला. टाळ्या सुरू झाल्या. म्हाताऱ्यांनी सुरू केल्या आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या. दामू मोकलच्या नावानं, दामू मोकलसाठी. याच आवाजासाठी तो जन्मभर जळला होता. त्यानं आधी मान वळवून केरूकडं बघितलं. एकदा, एकदाच, धाकट्याला आपला हेवा वाटताना त्याला बघायचं होतं.

केरूचं लक्षच नव्हतं. तो व्यासपीठाकडं पाठ करून उभा होता, तळहात तिसऱ्या ओळीवर ठेवून. चेहरा दिसत नव्हता, पण खांदे हलत होते. शाल पेटीत जाईल, दामूच्या मनात आलं, नारळ वनिता संध्याकाळी खवेल. दगडावरचा केरू मात्र तिथंच राहील, पावसापाण्यात, शाळेतल्या पोरांची पोरं वाचेपर्यंत. आणि दामू या नावावर तर आपणच रेघ मारली, आपल्या हातानं, पेन मागून घेऊन.

"आजोबा, खाली उतरा," गुरुजी हळूच म्हणाले. "पुढचं नाव घ्यायचंय."